पंचांगाला आकाशाशी जोडणारे केरूनाना छत्रे

एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी धरावा, ग्रहणाचे स्नान केव्हा करावे, हे पंचांग सांगते. पंचांगाला ते आकाश सांगते. धर्मकृत्य आणि खगोलशास्त्र यांचा हा जुना संबंध एकोणिसाव्या शतकात सैल झाला होता. तो पुन्हा जुळवण्यासाठी झटलेले गणिती म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना.

अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेल्या केरूनानांचे शिक्षण मुंबईत झाले. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करताना त्यांना प्रत्यक्ष निरीक्षणाची शिस्त लागली. पुढे पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या ग्रंथावरून तयार होत. जुने गणित आकाशाशी जुळेना, म्हणून गणेश दैवज्ञांनीच ते सुधारून घेतले होते. परंतु तीन शतकांत त्यांच्या गणितातही अंतर साचले. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राच्या स्थानात एका अंशाची चूक झाली, तर तिथी सुमारे दोन तासांनी सरकते आणि प्रसंगी व्रताचा दिवसच बदलतो.

केरूनानांनी पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून धरला. परिणामी मकरसंक्रांत रूढ पंचांगाच्या सुमारे चार दिवस आधी येऊ लागली. येथेच समाज अडखळला. सारा गाव थांबलेला असताना एकाच घराने तिळगूळ वाटावा कसा?

१८८४ मध्ये केरूनाना निवर्तले. पंचांगशोधनाचे कार्य पुढे टिळकांनी उचलून धरले. टिळक पंचांगात संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास येते. बहुसंख्य घरांत ती १४ किंवा १५ तारखेला होते. मात्र प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित आज बहुतेक मराठी पंचांगांनी स्वीकारले आहे.

केरूनानांच्या कार्याचा अर्धा भाग असा सर्वमान्य झाला आणि अर्धा वादात राहिला. त्याचे कारणही उघड आहे. चंद्र कोठे आहे, हे वेधाने ठरते. चक्राचा आरंभ कोठे धरावा, हे मात्र समाजाच्या संमतीनेच ठरते.