लिओनिद कांटोरोविच : प्लायवूडच्या कारखान्यातून निघालेलं गणित



आपलं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की मिरचीचा बाजार आलाच. पण बाजाराच्या आधी घरोघरी एक प्रश्न असतो. यंदा किती रानात मिरची लावायची आणि किती रानात मका? मिरचीला पैसा जास्त, पण पाणीही जास्त. आपण हा प्रश्न अंदाजाने सोडवतो. बारावीच्या गणितात 'लिनियर प्रोग्रॅमिंग' नावाचं प्रकरण आहे, ते हाच प्रश्न आकड्यांनी सोडवतं. ही रीत पहिल्यांदा शोधणाऱ्या माणसाला तिच्यामुळे जवळजवळ वीस वर्षं गप्प बसावं लागलं. त्याची ही गोष्ट.

लिओनिद कांटोरोविच यांचा जन्म 19 जानेवारी 1912 रोजी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. वडील डॉक्टर होते, पण लिओनिद दहा वर्षांचे असतानाच ते वारले. मुलगा मात्र विलक्षण हुशार. चौदाव्या वर्षी विद्यापीठात, अठराव्या वर्षी पदवी, आणि बाविसाव्या वर्षी प्राध्यापक! आपल्याकडं त्या वयात मुलं डीएड करून नोकरीची वाट बघत असतात. तोवर गावाचं नाव लेनिनग्राड झालं होतं आणि देशात सगळे कारखाने सरकारचे झाले होते.

1938 मध्ये प्लायवूड कारखान्यांच्या संस्थेचे इंजिनिअर त्यांच्याकडे एक अडचण घेऊन आले. लाकडाचे ओंडके सोलून पातळ थर काढणारी आठ यंत्रं होती आणि लाकडाचे पाच प्रकार. प्रत्येक यंत्राचा वेग लाकडागणिक वेगळा. कोणत्या यंत्राला कोणतं लाकूड किती वेळ द्यायचं, म्हणजे जास्तीत जास्त माल निघेल? दिसायला हे साधं वाटतं. पण शक्यता इतक्या, की एकेक तपासत बसलं तर जन्म पुरायचा नाही. तेव्हा संगणकही नव्हता.

त्यांनी काय केलं, ते आपल्या शिवारातल्या गणितावर बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, कोणी हिशोब मागू नका. समजा, एका शेतकऱ्याकडे 5 एकर रान आहे आणि विहिरीत 18 पाळ्यांचं पाणी. एका पाळीत एक एकर भिजतं. मिरचीला एकरी 6 पाळ्या लागतात, मक्याला 2. मिरचीतून एकरी 50 हजार सुटतात, मक्यातून 20 हजार. आता सगळी मिरची करायची म्हटलं, तर पाणी 3 एकरांनाच पुरतं. मिळतात दीड लाख आणि 2 एकर पडीक. सगळा मका केला तर 1 लाख. पण 2 एकर मिरची आणि 3 एकर मका केला तर पाणी 12 अधिक 6, म्हणजे बरोबर 18 पाळ्या, आणि पैसे 1 लाख 60 हजार. या अटींमध्ये याहून जास्त मिळतच नाही, करून बघा.

कांटोरोविच इथेच थांबले नाहीत, आणि त्यांची खरी करामत पुढेच आहे. त्यांनी विचारलं, पाण्याची एक पाळी वाढली तर फायदा कितीने वाढेल? आपल्या गणितात उत्तर येतं 7,500 रुपये. आणि एक एकर रान वाढलं तर? फक्त 5,000. म्हणजे या शेतकऱ्याने रान वाढवण्याआधी पाण्याच्या मागे लागावं. विहिरीचं पाणी कोणी विकत दिलेलं नाही, तरी त्याला किंमत आहे, आणि ती टंचाईतून येते. हाच आकडा सापडला की शक्यता एकेक तपासाव्या लागत नाहीत. 1939 मध्ये लेनिनग्राड विद्यापीठाने त्यांची ही रीत छोट्या पुस्तिकेत छापली.

मग युद्ध आलं. सप्टेंबर 1941 मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. लोक भुकेने मरत होते आणि हिवाळ्यात गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून ट्रकने धान्य आणण्याचा एकच रस्ता उरला होता. बर्फ किती जाड आहे आणि हवा किती थंड आहे त्यावरून दोन ट्रकमध्ये किती अंतर ठेवायचं, हा हिशोब कांटोरोविच यांच्याकडे होता. अंतर कमी ठेवलं तर बर्फ फुटणार. जास्त ठेवलं तर धान्य कमी पोचणार. शिवारातलंच गणित हे, फक्त इथे चुकलं तर माणसं बुडणार होती.

1942 मध्ये त्यांनी साऱ्या देशाच्या नियोजनासाठी मोठं पुस्तक लिहिलं. नियोजन खात्याने ते नाकारलं. अडचण गणितात नव्हती. वस्तूची किंमत तिच्यात गेलेल्या श्रमावरूनच ठरते, हे मार्क्सचं मत तिथे अधिकृत होतं. आणि हे गृहस्थ सांगत होते की जमिनीला, यंत्राला, टंचाईलाही किंमत असते. हे भांडवलशाहीचं बोलणं वाटलं. स्टालिनच्या काळात असा शिक्का बसला तर माणूस नाहीसा होई. हे काम चालू ठेवणं धोक्याचं आहे हे ओळखून त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि शुद्ध गणितात रमले. त्या गणितासाठी 1949 मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळालं! मला हा भाग फार बोचतो. बक्षीस देणारे तेच आणि तोंड बंद करणारेही तेच.

मात्र रीत अधूनमधून ते वापरत होते. लेनिनग्राडच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात पत्रा कसा कापावा, हे त्यांनी त्याच काळात बसवून दिलं. भंगार इतकं घटलं की भंगार पुरवायचं ठरलेलं उद्दिष्टच कारखान्याला गाठता येईना, असं सांगितलं जातं.

दरम्यान 1947 मध्ये अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी स्वतंत्रपणे 'सिम्प्लेक्स' पद्धत काढली आणि जगभर तीच पसरली. कांटोरोविच यांचं नाव तिकडे कोणाला ठाऊक नव्हतं. 1942 चं पुस्तक छापलं गेलं ते थेट 1959 मध्ये, स्टालिन गेल्यावर सहा वर्षांनी. पुढच्याच वर्षी जुन्या पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत आलं. 1965 मध्ये लेनिन पारितोषिक आणि 1975 मध्ये ट्यालिंग कूपमन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल. 7 एप्रिल 1986 रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. त्याआधी दोनच वर्षं, 1984 मध्ये, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले आणि मुंबई आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी याच प्रकारची प्रचंड मोठी गणितं सोडवायची नवी वेगवान रीत अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधली होती.

मुलांनो, आता वही काढा. आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीला 18 ऐवजी 24 पाळ्या मिळाल्या तर किती एकर मिरची करावी? आणि पाळ्या 30 च्याही पुढे गेल्या, तर पुढच्या पाळीची किंमत किती उरेल? उत्तर घरच्यांना समजावून सांगा, मग वर्गात बोलू.