हिरव्या पुठ्ठ्याची वही

आपल्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घराणी असतात. किराणा, आग्रा, जयपूर ही नावे तुम्ही रेडिओवर ऐकली असतील. उस्तादांच्या घरातले मूल बोलायला शिकण्याआधी सूर ऐकू लागते. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतही असेच एक घराणे होते. त्या घराण्याचे आडनाव बाख. आजोबा, वडील, काका, चुलत भाऊ असे सगळे वादक. कोणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी, कोणी गावच्या वाजंत्र्यांत असे. या घराण्यातील सर्वांत मोठा संगीतकार योहान सेबास्टियन बाख याची ही हकिकत आहे. पण त्याच्या मोठेपणापेक्षा त्याच्या घराविषयीच मी तुम्हांला अधिक सांगणार आहे.

सेबास्टियनचा जन्म 1685 साली आयझेनाख या गावी झाला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. पण काही महिन्यांतच, 1695 च्या सुरुवातीला, तेही वारले. पोरक्या सेबास्टियनला त्याच्या थोरल्या भावाने ओहर्डुफ या गावी आपल्या घरी नेले.

हा भाऊ ऑर्गनवादक होता. त्याच्याकडे नामवंत संगीतकारांच्या रचनांची एक हस्तलिखित वही होती. ती वही सेबास्टियनला फार हवी होती. पण भाऊ ती देईना. वही जाळीच्या कपाटात कुलपात असे. सेबास्टियनचे हात लहान होते. रात्री सगळे झोपले की तो जाळीतून हात घालून वही गुंडाळून बाहेर काढी आणि नक्कल करायला बसे. घरात दिवा मिळत नसे, म्हणून तो चांदण्या रात्रीच लिही. नक्कल पुरी व्हायला सहा महिने लागले, आणि मग एक दिवस भावाने ती पाहिली व काढून घेतली. ही गोष्ट बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने लिहिलेल्या लेखात आली आहे. ती लक्षात ठेवा. संगीताची वही हातांनी उतरवून घेणे, हे काम या घरात पुढे पुन्हा दिसणार आहे.

पंधराव्या वर्षी सेबास्टियनने भावाचे घर सोडले. शाळा संपल्यावर 1703 मध्ये त्याला आर्नस्टाट येथे ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. तेथून तो एकदा ल्युबेक शहरी बुक्स्टेहुडे नावाच्या वृद्ध उस्तादाचे वादन ऐकायला गेला. अंतर सुमारे 400 किलोमीटर, आणि गेला तो पायी! चार आठवड्यांची रजा होती. परतला चार महिन्यांनी. वरिष्ठ रागावले, हे सांगायला नकोच.

1707 साली त्याने मारिया बार्बरा हिच्याशी लग्न केले. तीही बाख घराण्यातलीच, त्याच्या नात्यातली. तीही पोरकी होती. पुढच्या वर्षी दोघे वायमार येथे राहायला गेले. तिची अविवाहित थोरली बहीण फ्रीडेलेना हीसुद्धा त्यांच्याकडे येऊन राहिली. वायमारला बाखचे नाव झाले. पण शेवटी राजाशी बिनसले. नोकरी सोडण्याचा हट्ट धरला म्हणून राजाने 1717 मध्ये त्याला जवळजवळ चार आठवडे कैदेत ठेवले. सुटल्यावर तो क्योथेन या लहानशा संस्थानात गेला.

क्योथेनचा तरुण राजा लिओपोल्ड स्वतः चांगला वादक होता. त्याच्या दरबारी चर्चसाठीचे संगीत फारसे लागत नसे. व्हायोलिन, बासरी अशा वाद्यांच्या मैफली मात्र नेहमी होत. बाख येथे सुखात होता. 1718 मध्ये झालेल्या मुलाला राजाचेच नाव दिले होते. ते बाळ दहा महिन्यांचे होऊन गेले. मारिया बार्बराला एकूण सात मुले झाली. त्यांपैकी चार जगली.

1720 च्या मे महिन्यात राजा कार्ल्सबादला निघाला. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. राजाने आपले काही वादकही बरोबर घेतले. त्यांत बाख होता. घरून निघताना पत्नी ठणठणीत होती. सुमारे दोन महिन्यांनी तो परतला. त्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता. त्याने घरात पाऊल ठेवले, तेव्हा त्याला कळले की मारिया बार्बरा वारली आणि तिचे दफनही झाले. 7 जुलैला तिला मातीत ठेवले होते. वय अवघे पस्तीस. शेवटचे दर्शन नाही, मूठभर माती देणेही नाही.

घरात चार मुले होती. कॅथरिना अकरा वर्षांची, फ्रीडेमान नऊ, एमान्युएल सहा आणि धाकटा बर्नहार्ड पाच वर्षांचा. वडील दारात आले, तेव्हा त्यांना कोणी काय सांगितले असेल? एमान्युएल मोठा झाल्यावर त्याने हा प्रसंग लिहिला. पण अगदी दोन ओळींत.

तुम्हांला वाटेल, एवढ्या मोठ्या कलावंताने आपल्या दुःखाविषयी काही लिहिले असेल. तसे एकही पत्र नाही. बाख बोलका माणूस नव्हता. पण त्याच वर्षाची एक वही आहे. तिच्यात एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना त्याने स्वतः सुबक अक्षरात लिहिल्या आहेत आणि वर 1720 हे साल घातले आहे. एरवी व्हायोलिनला दुसऱ्या वाद्याची साथ असते. येथे साथीला कोणी नाही. यांतल्या एका रचनेचा शेवटचा भाग जवळजवळ पाव तास चालतो. एकच छोटी चाल साठांहून अधिक वेळा नवनव्या रूपांत येते. मध्येच खिडकी उघडून उजेड यावा तसे सूर बदलतात, आणि मग ती पुन्हा पहिल्या गंभीर सुरांकडे वळते.

काही लोक म्हणतात, ही रचना बाखने पत्नीच्या आठवणीत केली. ऐकताना तसे वाटतेही. परंतु याला पुरावा नाही. अशा सहा रचना चार-सहा महिन्यांत होत नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा ती हयात असतानाच झाल्या असाव्यात. मला खरे वाटते ते एवढेच, की घर सुने झाले त्या वर्षातही त्याने हातातले काम टाकले नाही. पाच ओळींच्या कागदावर तो सूर मांडत राहिला.

शरद ऋतूत तो हॅम्बुर्गला एका चर्चच्या जागेसाठी गेला. त्याचे वादन ऐकून तेथील वृद्ध उस्ताद राइनकेन थक्क झाले. पण ती जागा मिळवायला मोठी देणगी द्यावी लागे. बाख परत आला. इकडे मुलांना फ्रीडेलेना मावशी सांभाळत होती. मावशी म्हणजे तुमच्या घरची खाला. आई गेलेल्या घरात खाला असली की मुलांना केवढा आधार असतो, हे तुमच्यापैकी कोणाला सांगावे लागू नये. पण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते चांगलेच ठाऊक असेल.

1721 मध्ये क्योथेनच्या दरबारी एक नवी गायिका आली. तिचे नाव आना माग्दालेना. वडील दरबारात तुतारी वाजवणारे, म्हणजे तीही वादकांच्याच घरातली. आवाज उंच आणि गोड. बाख दरबारच्या वादकांचा प्रमुख होता. तेव्हा दोघांची ओळख गाण्यातूनच झाली असणार. 3 डिसेंबर 1721 रोजी दोघांचे लग्न झाले. राजाच्या परवानगीने ते चर्चमध्ये न होता घरीच लागले. बाख छत्तीस वर्षांचा होता, आना वीस वर्षांची. मारिया बार्बरा जाऊन दीड वर्षही झाले नव्हते.

मित्रांनो, येथे थोडे थांबा आणि कॅथरिनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ती आता तेरा वर्षांची होत आली होती. नवी आई तिच्याहून फक्त सात वर्षांनी मोठी! सावत्र आईच्या वाईट गोष्टी सगळ्याच देशांत सांगतात. मुलांना काय वाटले असेल? वडील आईला विसरले, असे नसेल का वाटले? आणि आनाचा तरी विचार करा. लग्नाच्या दिवशीच ती चार मुलांची आई झाली. शिवाय घरात पहिल्या पत्नीची सख्खी बहीण होती. बाखने तिला जा म्हटले नाही, आनानेही नाही. फ्रीडेलेना मावशी 1729 मध्ये मरेपर्यंत त्याच घरात राहिली. मला तर या घरातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. नव्या माणसाला जागा देताना जुन्या माणसाला उठवले नाही.

लग्नानंतरही आना दरबारात पगार घेऊन गात असे. घरी तिला वाद्य शिकता यावे म्हणून बाखने 1722 मध्ये एक वही सुरू केली आणि तिच्यासाठी त्यात रचना लिहिल्या. 1725 मध्ये दुसरी वही आली. तिला हिरवा पुठ्ठा होता आणि त्यावर आनाच्या नावाची आद्याक्षरे व साल सोनेरी अक्षरांत छापले होते. पहिल्या दोन मोठ्या रचना बाखने स्वतःच्या हाताने लिहिल्या. पुढची बहुतेक पाने आनाने भरली. आवडलेली नाचाची चाल, एखादे भक्तिगीत, जिवलग माणसाच्या सोबतीविषयीचे एक गाणे, जे दिसेल ते तिने उतरवून घेतले. सारेच काही बाखचे नव्हते. आज पियानो शिकणारी मुले ज्या चालीने सुरुवात करतात, ती त्यातलीच एक प्रसिद्ध चाल पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्या संगीतकाराची आहे. पण पुष्कळ वर्षे लोक ती बाखचीच समजत. आणखी एक अक्षर या वहीत आहे, एमान्युएलचे. सहाव्या वर्षी ज्याची आई गेली, तो मुलगा सावत्र आईच्या वहीत आपल्या पहिल्यावहिल्या रचना लिहीत होता.

1723 मध्ये हे कुटुंब लाइपझिगला आले. सेंट थॉमस शाळेच्या इमारतीतच त्यांचे घर होते. बाखला शाळेतली मुले गायला तयार करावी लागत आणि जवळजवळ दर रविवारी नवे संगीत द्यावे लागे. प्रत्येक वादकाचा कागद वेगळा, आणि तो हातानेच लिहायचा. त्या कामाला आना, मुले आणि शिष्य बसत. लिहून लिहून आनाचे अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखे झाले. ते ओळखताना पुढे अभ्यासकांचीही फसगत होई. बाखने चेलो या वाद्यासाठी केलेल्या सहा प्रसिद्ध रचनांची मूळ प्रत हरवली. आनाने केलेली नक्कल राहिली, आणि आज जगभरचे वादक मुख्यतः तिच्याच आधाराने त्या वाजवतात.

आनाला तेरा मुले झाली. सात लहानपणीच गेली. तेव्हा दुःख या घरात पुन्हा पुन्हा येत राहिले. तरी 1730 मध्ये बाखने बालपणीच्या एका मित्राला पत्र लिहिले, त्यात नोकरीच्या तक्रारी केल्यावर शेवटी अभिमानाने कळवले की, आता घरच्या माणसांचीच मैफल होऊ शकते. पत्नी छान गाते आणि थोरली मुलगीही तिच्या बरोबरीने गाते. ही थोरली मुलगी म्हणजे कॅथरिना. आनाला फुलांचीही हौस होती. एकदा तिच्याकडे कार्नेशनची सहा रोपे आली. ईदीचे पैसे मुले जशी जपतात, तशी तिने ती जपली.

अखेरच्या काळात बाखची दृष्टी गेली. 1750 मध्ये डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. 28 जुलै 1750 रोजी तो वारला. आना अठ्ठेचाळीस वर्षांची होती. लहान मुलांचे पालकत्व आपल्याकडेच ठेवायचे, तर पुन्हा लग्न करणार नाही असे तिला लिहून द्यावे लागले. तिने ते दिले. बाखला पत्नीच्या मागे दुसरा संसार करण्याची मोकळीक होती, तिला नव्हती. ही गोष्ट मला टोचते. मुलगे दूरदूरच्या गावी नोकरीला होते. आनाने पतीच्या काही रचनांचे कागद शाळेला दिले आणि आणखी सहा महिने त्या घरात राहण्याची मुभा मिळवली. पुढची दहा वर्षे तिने धर्मादाय मदतीवर काढली. तिच्याबरोबर तिच्या दोन धाकट्या मुली होत्या. आणखी एक जण होती. कॅथरिना. तिने लग्न केले नव्हते. क्योथेनच्या घरात जिने बाराव्या वर्षी नव्या आईला येताना पाहिले, तीच तिच्या हलाखीच्या दिवसांत सोबतीला होती. 27 फेब्रुवारी 1760 रोजी आना वारली.

1720 सालची ती व्हायोलिनची वही आणि हिरव्या पुठ्ठ्याची 1725 सालची वही, या दोन्ही आज बर्लिनच्या एकाच ग्रंथालयात आहेत.