लिंडबर्गचें पहिलें विमान

चार्लस लिंडबर्ग यानें सन १९२७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत वाटेंत कोठेंहि न उतरतां, एकट्यानें, सुमारें ३३ तास ३० मिनिटांत उड्डाण केलें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्याच्या पहिल्या विमानाची हकीकत आम्हांस अधिक मननीय वाटते.

त्याचा जन्म १९०२ सालीं अमेरिकेंत झाला. कॉलेजच्या अभ्यासांत मन रमेना, म्हणून १९२२ च्या एप्रिलांत तो नेब्रास्का संस्थानांतील लिंकन येथें एका कंपनींत विमानविद्या शिकूं लागला. सुमारें ८ तासांचें शिक्षण झालें. पण एकट्यानें उडावयाचें तर विमान मोडल्यास भरपाईची हमी म्हणून आगाऊ रक्कम ठेवणें भाग होतें. ती त्याच्याजवळ नव्हती; आणि शिक्षणाचें विमानहि कंपनीनें विकून टाकलें. फी भरूनहि विद्या अपुरीच! मग इतर वैमानिकांसह गांवोगांव हिंडून विमानाच्या पंखांवर चालण्याचे व पॅराशूटनें उडी घेण्याचे खेळ त्यानें केले.

स्वतःचें विमान असल्याशिवाय गत्यंतर नाहीं, हें त्यानें ओळखलें. वडील बँकेंत जामीन राहिले, व १९२३ च्या वसंतऋतूंत तो जॉर्जियांतील अमेरिकस गांवाजवळच्या साउदर फील्ड या मैदानावर आला. पहिल्या महायुद्धांत शिकाऊ सैनिकांकरितां बांधलेलीं 'जेनी' विमानें युद्धानंतर स्वस्त झालीं होतीं. लांकडी सांगाडा, कापडानें मढविलेले दुहेरी पंख, मागें-पुढें दोन बैठका. तसलें एक विमान, ९० अश्वशक्तीचें इंजिन बसवून, त्यास ५०० डॉलरांस मिळालें.

आपण एकट्यानें कधीं उडालों नाहीं, हें त्यानें तेथें कोणांसहि सांगितलें नाहीं. कित्येक महिन्यांत त्यानें विमान चालविलेंहि नव्हतें. विमान जमिनीपासून थोडें वर गेलें तोंच एका बाजूस कललें. त्यानें तें कसेंबसें खालीं टेकविलें. विमान मोडतें तर पैसाहि जाता आणि कदाचित् प्राणहि. हें मौन आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. पण एका अनोळखी वैमानिकानें बरोबर येण्याची तयारी दाखवितांच त्यानें ती संकोच न धरतां स्वीकारली, यांत आम्हांस त्याचें खरें मोठेपण दिसतें. दोघांनीं मिळून कांहीं वेळां विमान चढविलें, उतरविलें. मग वारा शांत होण्याची वाट पाहून सायंकाळीं लिंडबर्ग एकटाच आकाशांत गेला.

आठवडाभर सराव करून तो पश्चिमेकडे निघाला. वाटेंत मिसिसिपी संस्थानांत एका कुरणावर विमान खड्ड्यांत जाऊन पंखा मोडला. तो बदलून पुढें लोकांस सफरी घडवून त्यानें पैसे मिळविले. पुढें आयोवा संस्थानांत त्यास एक गिऱ्हाईक भेटलें. तें उडणें शिकलेलें नव्हतें. लिंडबर्गनें त्यास त्याच 'जेनी'वर शिकविलें, एकट्यानें उडूं दिलें, आणि मग विमान त्याच्या स्वाधीन केलें.