गॅरी किल्डॉल : घरच्या कॉम्प्युटरला फाइल सांभाळायला शिकवणारा माणूस

दिवाळी आली की घराची साफसफाई होते आणि हल्ली त्याबरोबर कॉम्प्युटरचीही होते. जुने फोटो एका जागी आणायचे, गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाची व्हिडिओ शोधायची, जुन्या लॅपटॉपमधली डिस्क नव्याला जोडायची. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर येतं की ही फाइल उघडायची आपल्याला परवानगी नाही. फाइल आपली, फोटो आपल्या मुलांचे, कॉम्प्युटर आपल्या पैशांचा, मग परवानगी कोणाची घ्यायची? वेलिंग्टनच्या प्रत्येक मराठी घरात अशा वेळी हाक मारायला एक कॉम्प्युटरचा डॉक्टर असतो. पुण्या-नाशिकचे आईबाबासुद्धा त्यालाच फोन करतात.

हा नकार घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला कसा, हे समजून घ्यायचं तर एका माणसाची ओळख करून घ्यायला हवी. गॅरी किल्डॉल हे त्याचं नाव. कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या लोकांना तो चांगला ठाऊक आहे. बाकीच्यांना ठाऊक असतो तो फक्त बिल गेट्सकडे हरलेला माणूस म्हणून, आणि ही ओळख फार अपुरी आहे.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेत सिॲटलला झाला. सिॲटल आपल्या वेलिंग्टनसारखंच बंदराचं गाव. समुद्र, टेकड्या, पाऊस आणि बोटी. किल्डॉल घराण्याची तिथे जहाजावरच्या लोकांना दिशादर्शनाचं गणित शिकवणारी शाळा होती. आजोबांनी सुरू केलेली ती शाळा पुढे वडील चालवत. गॅरीनेही काही दिवस तिथे शिकवलं. समुद्रात आपण कुठे आहोत हे आकडेमोडीनेच ठरायचं आणि एक आकडा चुकला तर जहाज खडकावर. अशा घरात वाढलेल्या मुलाला चुकीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठात तो गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून गेला आणि तिथे कॉम्प्युटरने त्याला ओढून घेतलं. तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याच्या वाट्याला नौदल आलं, पण लढायला न जाता तो कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायला गेला. १९७२ साली त्याने डॉक्टरेट पुरी केली. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने लिहिलेला निबंध, प्रोग्रॅमचं भाषांतर करताना त्यातलं फालतू काम कसं कमी करावं याबद्दलचा, आजही या विषयाच्या पाठ्यपुस्तकांचा पाया आहे. म्हणजे गडी नुसता हौशी नव्हता, चांगला पंडित होता.

त्याच सुमारास इंटेल कंपनीने नखाएवढ्या चिपवर कॉम्प्युटरचा मेंदू बसवला होता. गॅरीने ती चिप मिळवली आणि तो तिच्या नादीच लागला. इंटेलसाठी त्याने पीएल-एम नावाची भाषा तयार करून दिली. पण खरी अडचण वेगळी होती. लिहिलेलं ठेवायचं कुठे? तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवत. पट्टी फाटली की काम गेलं. एखादी ओळ बदलायची तर पट्टी पुन्हा पाडायची.

शुगार्ट नावाची कंपनी नुकते फ्लॉपी ड्राइव्ह बनवू लागली होती. त्यांच्याकडचा चाचण्यांमध्ये झिजलेला एक ड्राइव्ह गॅरीला मिळाला. तो चिपला जोडणारं सर्किट काही त्याला जमेना, म्हणून ड्राइव्ह बरेच दिवस नुसता पडून राहिला. शेवटी जॉन टोरोड या मित्राने ते सर्किट बनवलं आणि १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेजवळच्या लहानशा गावात ती जोडी चालू झाली. फ्लॉपीवर फाइल लिहायची, नावाने शोधायची, पुन्हा वाचायची, हे सगळं करणाऱ्या गॅरीच्या प्रोग्रॅमचं नाव सीपी-एम. इंटेलला तो विकत घेण्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डॉरथी यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे त्यातलं आकाशगंगेचं बिरुद गळलं आणि डिजिटल रिसर्च एवढंच उरलं. धंद्याची बाजू डॉरथी सांभाळायची. हौशी लोकांना सीपी-एम ७० डॉलरला मिळे.

आता गॅरीने केलेलं सर्वांत मोठं काम. तेव्हा प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, ड्राइव्ह वेगळा, कीबोर्ड वेगळा. प्रत्येकासाठी सीपी-एम नव्याने लिहायचा तर आयुष्य पुरलं नसतं. आयएमएसएआय या कंपनीच्या यंत्रांसाठी तो बसवताना गॅरीने त्याचे थर वेगळे केले. तळाशी यंत्राशी बोलणारा छोटा भाग, त्याचं नाव बायॉस. त्याच्या वर फाइलींचा हिशेब ठेवणारा भाग, बीडॉस. आणि सर्वांत वर आपण टाइप केलेले हुकूम ऐकणारा भाग. यंत्र बदललं तर फक्त बायॉस बदलायचा, बाकी तसंच. बायॉस हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. ए, बी, सी ही ड्राइव्हची अक्षरं आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आधीपासून होती, ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये आणली सीपी-एमनेच. पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये आपल्यापैकी ज्यांनी वर्डस्टार गिरवलं, त्यांना सांगायला हवं की वर्डस्टार मुळात सीपी-एमवर जन्मलं.

आणि याच सीपी-एममध्ये तो नकार होता. माणूस लिहीत बसलेला, फ्लॉपी भरली म्हणून त्याने दुसरी घातली आणि फाइल सेव्ह करायला गेला, की पडद्यावर ओळ यायची : बीडॉस एरर ऑन बी, आर-ओ. म्हणजे बी ड्राइव्हवर फक्त वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. लोक चिडायचे. फ्लॉपी तर कोरी आहे, लिहायला काय झालं?

कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा, स्वयंपाकघरातले कुठले डबे भरलेले आणि कुठले रिकामे याची यादी तुम्ही डोक्यात ठेवली आहे. तुमच्या नकळत कोणी सगळी मांडणीच बदलली. जुन्या यादीवर विसंबून तुम्ही रिकामा समजून साखरेच्या डब्यात मीठ ओताल. सीपी-एमही फ्लॉपीवरची कुठली जागा मोकळी आहे याची यादी मेमरीत ठेवायचा. न सांगता फ्लॉपी बदलली तर ती यादी खोटी ठरायची आणि नव्या फ्लॉपीवरच्या जुन्या फाइली पुसल्या गेल्या असत्या. म्हणून तो फ्लॉपीच्या अनुक्रमणिकेची बेरीज ताडून पाहायचा. जुळली नाही की फ्लॉपीला कुलूप. उपायही सोपा होता, फ्लॉपी बदलल्यावर लिहिण्याआधी कंट्रोल आणि सी दाबायचं, की यादी नव्याने तयार व्हायची. पण ते विसरलं आणि एरर आलीच, तर पुढचं बटण दाबताच सगळं नव्याने सुरू व्हायचं आणि मेमरीतलं न ठेवलेलं काम जायचं. फ्लॉपीवरचं वाचायचं, हातातलं जायचं. गॅरीची व्यवस्था काही निर्दोष नव्हती, पण तिचा नकार माणसाच्या फाइलीच्या बाजूने होता.

१९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला आले. आपल्या थॉर्नडनमध्ये दिसतात तसल्या जुन्या लाकडी घरात डिजिटल रिसर्चचं ऑफिस होतं. त्यांना नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी सिस्टिम हवी होती. त्या सकाळी गॅरी स्वतःचं छोटं विमान घेऊन बाहेर गेला होता. पुढे दंतकथा अशी पसरली की तो मजेत आकाशात घिरट्या घालत बसला आणि नशीब दारातून परत गेलं. खरं तर तो ओकलंडला (आपलं ऑकलंड नव्हे, कॅलिफोर्नियातलं) एका गिऱ्हाइकाला कागदपत्रं पोचवायला गेला होता आणि दुपारपर्यंत परतलाही. सकाळची बोलणी अडली होती ती आयबीएमच्या गुप्ततेच्या करारावर. तो एकतर्फी आहे असं वाटल्याने डॉरथीने सही केली नव्हती. दुपारनंतर काय झालं याच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. सौदा झाला नाही एवढं खरं.

आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्याच टिम पॅटरसनने लिहिलेली सिस्टिम विकत घेतली. सीपी-एमचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत म्हणून तिची रचना सीपी-एमच्या वळणावर केलेली होती. तीच डॉस. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याचीही सिस्टिम विकायला ठेवली खरी, पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी-एम २४० ला. गिऱ्हाईक काय घेणार हे सांगायला नको.

आता परवानगीकडे परत येऊ. घरचा कॉम्प्युटर एका माणसाचा, त्याला कुलपं कशाला, असा त्या काळचा समज होता. सीपी-एममध्ये फाइलीवर फक्त वाचण्याची खूण करता येई, सिस्टिमची फाइल यादीतून लपवता येई आणि एका डिस्कचे सोळा कप्पे करता येत. पण कप्प्यांना कड्या नव्हत्या. नंबर टाइप केला की कोणीही शेजारच्या कप्प्यात. एक यंत्र अनेकांनी वापरायला घेतलं की हे पुरत नाही. आपल्या वेलिंग्टन पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी १९८० च्या सुमारास पॉली-वन हा शाळांसाठीचा कॉम्प्युटर बनवला, त्यातही वर्गातली अनेक यंत्रं एका डिस्कवर काम करत. गॅरीच्या कंपनीने अनेकांसाठीची एमपी-एम काढली आणि १९८३ च्या सीपी-एम प्लसमध्ये फाइलींना पासवर्डही दिले. पण बाजार डॉसने काबीज केला होता आणि डॉसमध्ये ॲट्रिब हा हुकूम ठाऊक असलेला कोणीही खूण काढून टाकी. मालक कोण, वाचणार कोण, लिहिणार कोण हा सगळा बंदोबस्त युनिक्ससारख्या मोठ्या यंत्रांच्या सिस्टिममध्ये होता. तो विंडोज वापरणाऱ्या बहुतेक घरांत पोचला २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर.

म्हणून आज एरर आली की गॅरीचे थर आठवावेत आणि तळापासून वर यावं. पहिला प्रश्न, डिस्क धड आहे का? ती अडखळत असेल तर आधी जेवढं वाचता येतंय तेवढं दुसरीकडे उतरवून घ्यावं आणि मगच चेकडिस्क चालवावं. दुसरा प्रश्न, सिस्टिमच्या फाइली धड आहेत का? विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून एसएफसी स्कॅननाऊ हा हुकूम दिला की तो सिस्टिमच्या फाइली जपून ठेवलेल्या प्रतींशी ताडतो आणि बिघडलेल्या बदलतो. त्या प्रतीच बिघडल्या असतील तर डिझम नावाचा दुसरा हुकूम त्या दुरुस्त करतो. तिसरा प्रश्न परवानगीचा. विंडोज मालकाला नावाने नव्हे, नंबराने ओळखतं. वेलिंग्टनमध्ये दोन जोशी असले तरी आयआरडी नंबर दोघांचे वेगळे, तसंच हे. जुन्या कॉम्प्युटरवर आणि नव्यावर खात्याचं नाव एकच असलं तरी नंबर वेगळा, म्हणून जुन्या डिस्कवरचे फोटो परके होतात. अशा वेळी ॲडमिनिस्ट्रेटरने त्या फोटोंच्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यावी. मात्र वैतागून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरची मालकी घेऊ नये. ते कुलूप व्हायरसपासून आणि आपल्यापासूनही संरक्षण म्हणूनच आहे. आणि डिस्क सांकेतिक लिपीत बंद केलेली असेल तर मालकी घेऊन भागत नाही, किल्लीच लागते. ती कागदावर लिहून जपावी.

गॅरी नंतरही स्वस्थ बसला नाही. टीव्हीवर कॉम्प्युटर क्रॉनिकल्स हा कार्यक्रम त्याने वर्षानुवर्षं स्टुअर्ट शिफेटबरोबर सादर केला. त्याच्या दुसऱ्या एका कंपनीने १९८५ साली अख्खा ज्ञानकोश एका सीडीवर बसवला. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलला विकली गेली. पैसा भरपूर मिळाला, पण जाईल तिथे आयबीएमचाच प्रश्न. डॉरथीशी संसार मोडला होता, दारू वाढली होती. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय अवघं ५२. सिॲटलला त्याचं दफन झालं.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या ऑफिसबाहेर इंजिनिअर लोकांच्या संस्थेने त्याच्या नावाची पाटी बसवली. २०१६ मध्ये मुलांनी त्याच्या आठवणींचा काही भाग प्रसिद्ध होऊ दिला. वीस वर्षं उशीर झाला, पण विमानात मजा मारणारा माणूस ही ओळख थोडी तरी पुसली गेली.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फोटो लावताना कॉम्प्युटरने नाही म्हटलं तर लगेच ठोकाठोकी करू नका. ती ओळ सावकाश वाचा आणि नाही कोण म्हणतंय ते पाहा, डिस्क, सिस्टिम की कुलूप. आणि मुलांनी विचारलं की हे कोणी शोधून काढलं, तर त्यांना गॅरी किल्डॉलचं नाव सांगा.