पीएचडी झाली, आता काम कुठे? कमला सोहोनींची वाट

राहुरीचं कृषी विद्यापीठ असो की मुंबई, विज्ञानात पीएचडी झालेल्या प्रत्येकापुढे प्रश्न येतो: पुढचं संशोधन कुठे करायचं? १९३९ मध्ये तो कमला सोहोनी यांच्यापुढेही आला.

१९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर का होईना, आत शिरल्या. पुढे वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम सी वर काम करून त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली.

अमेरिकेतल्या औषध कंपन्यांनी नोकऱ्या देऊ केल्या. पण गांधीजींचा प्रभाव असलेल्या कमलाताई भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात त्यांनी नवा जीवरसायन विभाग सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. तिथे बढतीची वाट दिसेना. १९४७ मध्ये लग्न झालं आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या.

इथे त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यं आणि नीरा अभ्यासली. गरिबाला परवडेल असं पोषण, हा त्यामागचा ध्यास. संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही उशिराच मिळालं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पदाने वाट पाहायला लावली, पण संशोधन त्यासाठी थांबलं नाही.