साबीचे रक्षक : जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन

जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६७ रोजी डब्लिन येथे झाला. बरोबर दोन वर्षांनी याच तारखेस पोरबंदर येथे महात्मा गांधी जन्मले, हा निव्वळ योगायोग. घराणे स्कॉटिश जमीनदारांचे, पेशा घोडदळातील अधिकाऱ्याचा आणि आवड शिकारीची. बोअर युद्ध संपताच, जुलै १९०२ मध्ये, अशा या गृहस्थाकडे दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या साबी अभयारण्याचे रक्षण सोपविण्यात आले. शिकार आणि युद्ध यांनी ते वन ओस पडले होते.

चोरटी शिकार थांबावी म्हणून त्यांनी प्रथम तेथील हजारो आफ्रिकी रहिवाशांना बाहेर काढले. स्थानिकांनी त्यांना 'स्कुकुझा', म्हणजे झाडून साफ करणारा, असे नाव दिले. त्यात कौतुकापेक्षा दुखावलेल्या मनाचा भाग अधिक असावा. मुक्या जीवांना मिळालेल्या अभयाची किंमत अशा रीतीने दुर्बळ माणसांनी मोजली.

दुसरा निर्णय सिंहांविषयी होता. हरणे वाढावीत म्हणून सिंहांना गोळ्या घालण्यात येऊ लागल्या. सिंहाचे भय खोटे नव्हतेच. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांचे सहकारी हॅरी वोल्ह्यूटर घोड्यावरून परतत असता सिंहाने त्यांना खांद्याला धरून फरफटत नेले. डाव्या हाताने कमरेची सुरी चालवून ते कसेबसे वाचले आणि जखमी अवस्थेत झाडावर चढून बसले. दुसऱ्या सिंहाला त्यांच्या कुत्र्याने रोखून धरले.

अभयारण्य म्हणजे सिंहांची पैदास, अशी आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांची ओरड पुढेही चालूच राहिली. मात्र अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर स्टीव्हनसन-हॅमिल्टन यांचेच मत पालटले. हिंस्र पशूही निसर्गाच्या तोलाचा भाग आहे, हे त्यांना पटले. ज्या हातांनी सिंह मारविले त्याच हातांनी त्यांची पाठराखण करणे सोपे नव्हते. प्रदीर्घ खटपटीनंतर ३१ मे १९२६ रोजी क्रूगर राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९२७ साली पर्यटकांच्या पहिल्या तीन मोटारी आत शिरल्या. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला पाहायचा असे तो सिंहच!

१९४६ साली ते निवृत्त झाले आणि १० डिसेंबर १९५७ रोजी व्हाइट रिव्हर येथे निवर्तले. उद्यानाच्या मुख्य ठाण्याला १९३६ पासून स्कुकुझा हेच नाव आहे.