प्रयोगशाळेतील योगी : स्वामी कुवलयानंद

द्वितीय वर्ष कला

योगी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. हिमालयातील गुहा, वाढलेल्या जटा, मिटलेले डोळे आणि भोवती गूढ शांतता. या चित्रात क्ष-किरणांचे यंत्र कुठे बसत नाही, रक्तदाब मोजण्याचे साधन बसत नाही आणि रांगेने अंथरलेल्या सतरंज्यांवर बसलेली संसारी माणसे तर मुळीच बसत नाहीत. ज्या मराठी माणसाने ही सारी सामग्री योगाच्या चित्रात आणून बसवली, त्याचे नाव २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला होणाऱ्या योगदिनाच्या भाषणांत मी फारसे ऐकलेले नाही. ते नाव म्हणजे स्वामी कुवलयानंद.

या नावाकडे मी वळले ती एका अडचणीमुळे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात मी एका समाजमंदिरात प्रौढ स्त्रियांच्या योगवर्गात शिक्षिकाबाईंना मदत करीत असे. वीस-बावीस जणी येत. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला जिना चढताना धाप लागणारी, तर कुणी पतिनिधनानंतर रात्र रात्र जागी राहणारी. सूचना मात्र सर्वांना एकच! शरीरे वीस आणि सूचना एक, हे जुळायचे कसे? योग ही तर गुरूने एकेका शिष्याला त्याचा अधिकार पाहून द्यायची विद्या. ती समूहाला देता येते काय, आणि देताना कुणाला इजा होऊ नये म्हणून काय करावे? ग्रंथालयात उत्तर शोधू लागले आणि प्रत्येक वाट लोणावळ्याला जाऊन पोहोचू लागली.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. वडील शिक्षक, घरची स्थिती ओढगस्तीची. काही काळ तर कुटुंबाला इतरांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. त्या वेळी तेथे श्रीअरविंद अध्यापन करीत होते. अरविंदांचे तेज आणि टिळकांचे राजकारण, या दोहोंचा ठसा या तरुणाच्या मनावर उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करायची, हा निश्चय त्यांनी ऐन तारुण्यात केला.

त्यांचे पहिले गुरू होते आखाड्यातले. राजरत्न प्रा. माणिकराव यांनी आपल्या उस्तादांच्या नावाने चालवलेले बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर त्या काळी नावाजलेले होते. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथपंतांनी तेथे देशी व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. एका हुकुमावर शेकडो मुलांनी एकसारखी हालचाल करायची, ही संघव्यायामाची कल्पना माणिकरावांच्या कार्यातली. तिचे बीज पुढे अगदी निराळ्या जमिनीत रुजणार होते.

त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले. पुढे साने गुरुजींनी जेथे शिकवले, तेच हे अमळनेर. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ मध्ये प्राचार्य झाले. परंतु राष्ट्रीय वृत्तीचे शिक्षण सरकारला मानवणारे नव्हते. १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. या काळात खेड्यापाड्यांतील अज्ञान आणि अंधश्रद्धा त्यांनी जवळून पाहिली. लोकांना शिकवायचे तर आधी जे शिकवायचे त्याची परीक्षा झाली पाहिजे, ही त्यांची धारणा इथेच पक्की झाली असावी, असे मला वाटते.

दुसरे गुरू भेटले ते नर्मदाकाठी. मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याकडे ते १९१९ च्या सुमारास गेले. आखाड्यातील शिक्षणाने शरीर ओळखीचे झाले होते. माधवदासजींनी त्यापलीकडची वाट दाखवली. येथे दुसरा कोणी असता तर गुरूने दिलेले जपत आश्रमातच राहिला असता. पण या संस्कृतच्या पंडिताने काय करावे? तो चक्क दवाखान्यात गेला!

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांना क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहायचे होते. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर खेचले जाते. नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे काढून पुढे आणले जातात. पुढे दाबमापकाच्या साहाय्याने त्यांनी दाखवून दिले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्तीच्या क्रियेत कोणत्याही पंपाशिवाय पाणी आत कसे ओढले जाते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यातून झाला. त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरुदक्षिणेचा असा प्रकार माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. एका अंगाला प्रयोगांचे तक्ते व आकृत्या, दुसऱ्या अंगाला सामान्य वाचकाला करता येतील अशा आसनांची सचित्र माहिती, असे त्याचे स्वरूप होते. आता जगन्नाथ गुणे हे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही सर्रास सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. स्वामीजींनी श्वासातील वायूंची मोजमापे केली. ती या समजुतीला दुजोरा देईनात. योगाच्या प्रचारकाला सोयीची असलेली समजूत खुद्द योगाच्या प्रयोगशाळेतच कोसळत होती. स्वामीजींनी हा निष्कर्ष दडवून ठेवला नाही, तर प्रसिद्ध केला. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या मापात शोधू नये. मज्जासंस्थेवर होणाऱ्या त्याच्या परिणामात शोधावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध जाणारा आकडा छापायला तपश्चर्येइतकेच धैर्य लागते. त्यांचे सुरुवातीचे प्रयोग थोड्या व्यक्तींवर झालेले होते आणि आजचा संशोधक त्याहून पुष्कळ अधिक पुरावा मागेल, हे खरे आहे. पण पुरावा मागण्याची सवय योगाला लावणाऱ्यांत ते अग्रणी होते.

हळूहळू लोणावळ्याची वाट माणसांनी गजबजू लागली. १९२७ साली प्रकृती ढासळलेली असताना गांधीजींनी स्वामीजींचा सल्ला घेतला; आसनांविषयी आणि रक्तदाबाविषयी दोघांचा पत्रव्यवहार झाला. येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन यांनी लोणावळ्यास राहून अभ्यास केला आणि १९३७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि काही वर्षांतच ती चौपाटीजवळ स्थिरावली. नोकरदार, व्यापारी, गृहिणी अशी संसारी माणसे तेथे योगोपचारासाठी येऊ लागली.

आता माझ्या मूळ अडचणीकडे येते. योग समूहाला द्यायचा कसा? १९३६ मध्ये स्वामीजींचे 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. माणिकरावांच्या आखाड्यात पाहिलेला संघव्यायाम आणि माधवदासजींकडून मिळालेला योग, यांचा सांधा येथे जुळलेला दिसतो. शाळांतील मुलांना एकत्र करता येतील अशा सोप्या हालचाली निवडून त्यांनी त्यांचा क्रम लावला. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवरही त्यांनी काम केले. यात एक धोका होता. हुकुमावर केलेला योग हा कवायत होऊन बसण्याची भीती होती, आणि आपल्याकडच्या कित्येक मैदानांवर ती खरीही ठरली आहे. तरीही त्यांनी तो पत्करला. कारण ही विद्या गुहेत सुरक्षित राहण्यापेक्षा शाळेच्या अंगणात थोडी मळली तरी चालेल, पण लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे, अशी त्यांची वृत्ती होती.

मात्र निरोगी मुलांचा संघव्यायाम आणि आजारी माणसाचा उपचार यांची त्यांनी गल्लत केली नाही. त्यांच्या आसनांवरील पुस्तकात पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर सोपा अभ्यासक्रमही दिलेला आहे. कोणते आसन कोणी करू नये, याच्या सूचना जागोजागी आहेत. कान वाहणाऱ्याने वा हृदय दुर्बळ असणाऱ्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, हे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. आसन म्हणजे स्नायूंची झटापट नव्हे. झटका न देता, हळूहळू, दम न लागता शरीर ताणायचे आणि मग तितक्याच सावकाश सैल सोडायचे. शवासनात तर एकेका अवयवाकडे लक्ष नेऊन तो शिथिल करीत जायचे आणि शेवटी श्वासाच्या लयीकडे पाहत राहायचे.

हे वाचल्यावर समाजमंदिरातील वर्गाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. बाई वर्गात घेण्यापूर्वी प्रत्येकीची दुखणी विचारून वहीत का टिपतात, एकीला भिंतीला टेकून आणि दुसरीला खुर्चीवर का बसवतात, शेजारणीकडे पाहून ताणण्याची चढाओढ का होऊ देत नाहीत, हे कळले. सूचना एकच असते, पण ती कुठवर पाळायची हे जिचे तिने ठरवायचे असते. आणि समूहाचा उपयोग निराळाच होतो. घरी एकटीने डोळे मिटले की जिला रडू येते, तिला वीस जणींच्या श्वासांच्या सोबतीत निवांत पडून राहता येते. तिची झोप सुधारली की नाही, हे मी मोजलेले नाही. पण ती वर्ग चुकवीत नाही, एवढे मी पाहिले आहे.

शरीर आणि भावना यांची ही फारकत स्वामीजींनाही मान्य नव्हती. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातर्फे प्रसिद्ध झाले. त्यात उपचाराची तीन सूत्रे आहेत : मनाची योग्य बैठक घडवणे, स्नायू, मज्जा व ग्रंथी यांना ताण सोसण्यासाठी नव्याने तयार करणे, आणि योग्य आहार व मलनिःसारण यांकडे लक्ष देणे. यातले पहिले स्थान मनाला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९५०-५१ च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय निघाले आणि १९६१ मध्ये जुनाट विकारांसाठी योगोपचाराचे रुग्णालय उघडले. प्रयोगशाळेच्या जोडीला हस्तलिखितांचा अभ्यासही चालू होता; हठप्रदीपिकेची चिकित्सित आवृत्ती त्यांच्या पश्चात १९७० मध्ये कैवल्यधामने प्रसिद्ध केली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. कैवल्यधामला २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.

कला शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकावे लागते की संस्कृत, तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पोटापाण्याचे वा समाजाच्या कामाचे काही होत नाही. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवलेला एक गरीब विद्यार्थी क्ष-किरणांच्या खोलीत शिरला, जुन्या पोथीतील शब्दाचा अर्थ दाबमापकाच्या पाऱ्यात शोधू लागला आणि मिळालेले उत्तर दुखणाईतांच्या सतरंजीपर्यंत घेऊन गेला. ग्रंथावर प्रेम करावे, पण त्याची परीक्षा घ्यायला भिऊ नये; आणि परीक्षेला उतरलेले ज्ञान इतरांना देताना त्यांच्या शरीराचा व मनाचा मान राखावा. स्वामी कुवलयानंदांच्या चरित्रातून मी उचलला तो हा धडा. वर्गात असो वा वस्तीत, दुसऱ्याला काही शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.